पडल्यावर काय दिसलं?

“ते पडणार नाहीत याची हमी देता का तुम्ही?”

परवा फोनवर हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणारा माणूस वाईट नाही, वडिलांची काळजी करणारा मुलगा आहे. वडील सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघे गेलेले, मुक्काम कोल्हापुरात याच थोरल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाळीपासून ते खाली उतरलेले नाहीत, म्हणजे कुणी उतरू दिलेलं नाही. आणि मे महिन्यात आमचं शिबिर आहे. ते शिबिर त्यांनीच सुरू केलेलं. त्यांना घेऊन जायचंय हे सांगायला मी फोन केला, तर ही हमी.

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. फोन ठेवला आणि लिहायला बसले. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून, त्यामुळे मुद्दा बाजूला ठेवून गोड लिहिणं मला जमत नाही. ज्याच्याबद्दल हमी मागताय तो माणूस कोण आहे, हे आधी ऐकून घ्या.

आम्ही त्यांना मोल्डरमामा म्हणतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत उभी हयात मोल्डर म्हणून काढली त्यांनी. लोखंडी पेटीत वाळू ठोकून साचा करायचा, मग त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, ते काम. ‘सर’ म्हटलं तर ओ द्यायचे नाहीत. ‘संस्थापक’ म्हटलं तर मागं वळून बघायचे, कोण आलंय म्हणून.

मी त्यांच्या शिबिरात पहिल्यांदा गेले ती त्यांची अब्रू काढायला. एकोणीस वर्षांची होते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, दोन काठ्यांवर चालते, आणि तोपर्यंत तीन गोष्टींचा मनस्वी राग येत होता: केळीवाटप, ‘दिव्यांग’ हा शब्द आणि आमच्यासाठी काढलेल्या सहली. बागेत न्यायचं, सावलीत बसवायचं, रंगवायला चित्रं द्यायची, फोटो काढायचा आणि घरी सोडायचं. शाहूवाडीकडं डोंगरात असंच काहीतरी चालतंय असं कानावर आलं. म्हटलं, चला, एक पत्रक होईल.

टेम्पोतून उतरले आणि पहिल्याच पावलाला पडले. एक कार्यकर्ता धावला. तेवढ्यात मागून कारखान्याचा भोंगा वाजावा तसा आवाज आला, “हात लावू नको तिला!”

डोक्यावर फाउंड्रीतलं पिवळं हेल्मेट, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायांत चपला अशा अवतारात एक म्हातारा माझ्या शेजारी उकिडवा बसला.

“पडलीस? बरं झालं. आता आलीयासच तर खालचं बघून घे, मग ऊठ.”

“काय बघू?” मी खवळून विचारलं.

“मला काय म्हाईत? मी वर हाय की.”

माझ्या नाकासमोर करवंदाची जाळी होती. वरून हिरवीगार दिसणारी. आत, खालच्या फांद्यांना, काळीभोर करवंदं लगडलेली. उभ्या माणसाला जन्मात दिसली नसती. मी झोपल्या झोपल्या दोन खाल्ली. मग उठले. एकटी. त्यांनी हात दिला नाही, कारण मी मागितला नव्हता.

त्या शिबिराचा तो पहिला नियम: मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही, खुर्चीला धक्का द्यायचा नाही, कुणाची काठी उचलून आणून द्यायची नाही. दुसरा नियम, पहिल्या दिवशी सगळ्यांनी पडायला शिकायचं. त्यासाठी मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात वाळू भरलेली असायची. ती वाळू मामा एका फाउंड्रीमालकाकडून मागून आणायचे आणि प्रत्येकाला बजावून सांगायचे, “नवी वाळू हाय, वापरल्याली न्हाय. जळकी वाळू माणसाखाली घालायची नसती.” काठ्या बाजूला फेकायच्या, हनुवटी छातीला, तळहात टेकायचे नाहीत, कुशीवर जायचं. शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम असायच्या, पण पडून दाखवायचे मामा. त्या वयात, हेल्मेट घालून, दिवसातून वीस वेळा. आम्ही तीसेक जण पिवळी हेल्मेटं घालून रांगेत. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बघायची. त्यांना वाटत असेल, इथं धरण बांधायला घेतलंय.

जिने कसे उतरायचे तेही तिथंच शिकले. उभ्यानं जमत नसेल तर बसून. एक एक पायरी, घसरत. “लोक बघतात,” असं मी म्हटलं, तर म्हणाले, “त्यांचं डोळं, त्यांचा येळ. तुझं काय जातंय?”

आणि संध्याकाळी पडझडीची सभा. चहा झाला की सगळे गोल करून बसायचे. दिवसभरात जो जो पडला असेल त्यानं उठून सांगायचं… उठून म्हणजे बसल्या जागेवरूनही चालायचं, उभं राहायची सक्ती नव्हती… काय दिसलं ते. दुखलं का, लागलं का, हे विचारायचं नाही. ते मॅडम आधीच बघायच्या. सभेत एकच प्रश्न: “पडल्यावर काय दिसलं?” कुणी मुंगळ्याचं बीळ बघितलेलं असायचं, कुणी सापाची कात, एकानं चक्क स्वतःची गेल्या वर्षी हरवलेली शिट्टी. धडधाकट कार्यकर्ते बिचारे गप्प बसायचे. ते पडलेलेच नसायचे, त्यांच्याकडं सांगायला काय असणार?

हो, ‘बिचारे’ मी मुद्दाम म्हटलं. त्या शब्दाची एक गोष्ट आहे.

फाउंड्रीच्या आवाजानं मामांचे कान गेले होते, असं ते सांगायचे. एकदा शिबिराला पाहुणे आले. दोन मोटारी, केळी, बिस्किटं. त्यातल्या एक बाई माझ्याजवळ थांबल्या, मामांकडं झुकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “दिसायला किती छान आहे हो. बिचारी.”

“काय?” मामा कानावर हात धरून.

“बिचारी म्हटलं.”

“आयकू येत न्हाय. मोठ्यानं बोला!”

बाई जरा आवाज चढवून, “बिचारी!”

“फाउंड्रीत हुतो बाई मी, कान गेल्यात. पोटातनं बोला!”

तिसऱ्यांदा त्या बाई जे ओरडल्या, ते मैदानाच्या त्या टोकाला स्वयंपाक करणाऱ्यांनीही ऐकलं. सगळे वळून बघायला लागले. बाईंचा चेहरा उतरला. जो शब्द कुजबुजताना दयाळू वाटतो, तो ओरडला की शिवी असते, हे त्यांना तिथं कळलं असावं. बिस्किटं ठेवून गेल्या. बिस्किटं चांगली होती, आम्ही खाल्ली.

मामा खरंच बहिरे होते का? मला शंका आहे. शंभर पावलांवर कुणी चहा गाळायला घेतला तर त्यांना ऐकू यायचं.

आणखी एक खोड म्हणजे माती. कुठंही गेले की खाली वाकून मूठभर माती उचलायची, मुठीत दाबायची, त्या गोळ्याचे दोन तुकडे करायचे आणि तो कसा मोडला ते बघायचं. वाळूत ओल बरोबर आहे का हे मोल्डर असंच बघतात. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. भाकरीचं पीठही त्यांनी असंच तपासलेलं मी बघितलंय, आणि त्याबद्दल शिव्या खाल्लेल्याही.

एका वार्ताहरानं त्यांना विचारलं होतं, “ही प्रेरणा कुठून मिळाली? घरात कुणी अपंग आहे का?”

“न्हाय.”

“मग हे शिबिर का?”

“मला डोंगर आवडतो,” मामा म्हणाले. “एकट्यानं जायला कंटाळा येतो.”

तो वार्ताहर पेन उघडं धरून बराच वेळ थांबला. पुढं काही आलंच नाही. बातमी छापून आली नाही. अश्रू नाहीत तर आमची बातमी होत नसते, लिहून ठेवा.

आता आक्का. आक्का गडहिंग्लजच्या. सतराव्या वर्षी माडीवर मिरच्या वाळत घालताना पडल्या, पाठीचा कणा मोडला. तेव्हापासून खाट, खुर्ची, खाट. त्यांचा भाऊ त्यांना शिबिरात सोडायला आला तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. भावानं तीन वेळा बजावलं, “हिला खुर्चीतनं खाली काडू नका. एकदा पडली तेवडं बास झालं.” भावाची गाडी वळणाआड गेली आणि आक्का म्हणाल्या, “मामा, मला खाली ठेवा.”

“कुटं खाली?” मामांनी विचारलं.

“मातीत. चोवीस वर्षं झाली, मातीला पाट लागली न्हाई माझी.”

मामांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, दहा मिनिटं, एकही खडा टोचता कामा नये, त्यांना कळणार नाही आणि जखम होईल. मामांनी चाळण आणली. अंगणातली माती त्यांनी चाळून पसरली, आक्कांच्या उंचीएवढी लांब, वीतभर जाड. मूठ दाबली, मोडून बघितली, पुन्हा पाणी शिंपडलं. दुपारचे दोन तास गेले त्यात. साच्याची वाळू एवढ्या निगुतीनं कुणी करत नसेल. मग चौघा कार्यकर्त्यांनी आक्कांना खाली ठेवलं.

संध्याकाळच्या सभेत आक्का म्हणाल्या, “मुंग्यांची ओळ हातावरनं सरळ चालत गेली माझ्या. हिला काय झालंय म्हणून एकीनंबी इचारलं न्हाई.”

मामा हेल्मेट काढून डोकं खाजवत बसले. एवढंच. डोळे पुसले वगैरे मी लिहिणार नाही, कारण पुसले नाहीत.

आणि आता माझी चूक. तिसऱ्या वर्षी मी शिबिराचं पत्रक काढलं. मामांचा पत्रकांवर राग होता. “तुज्या कागदात ‘आम्ही’ लय हाईत, माणूस एकबी दिसंना,” असं ते म्हणायचे. म्हणून मी यावेळी माणसं घातली. मथळा: ‘आम्ही पडतो!’ खाली यादी. कोण किती वेळा पडलं, कुठं पडलं, काय बघितलं. पहिलं नाव आक्कांचं. आमच्यातल्या चौघांनी वाचून शुद्धलेखन तपासलं. सगळे खूश. मामा तर इतके खूश की दहा प्रती मागून घेतल्या आणि ज्या संस्थेच्या शाळेचं मैदान आम्हाला सुट्टीत मिळायचं, तिच्या सचिवांना एक स्वतः नेऊन दिली.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाहेरच्या माणसाला हे पत्रक वाचून काय वाटेल. आम्ही बढाई मारली होती. लोकांनी ती तक्रार म्हणून वाचली.

आठवड्यात संस्थेचं पत्र आलं: शिबिरात एकही व्यक्ती पडणार नाही अशी लेखी हमी द्या, नाहीतर मैदान मिळणार नाही. त्याच दिवशी गडहिंग्लजहून आक्कांचा फोन. भावानं यादी वाचली होती. “तो म्हणतोय, जायचं न्हाई. माज्यापायी मैदानबी गेलं का गं?”

“तुमच्यापायी नाही, माझ्यापायी,” मी म्हटलं.

“मग भेट घे त्या सायबाची. मीबी येतो. शेजारच्या टेंपोत बसून येतो, भावाला कळायच्या आत.”

संस्थेचं कार्यालय कोल्हापुरात. चार पायऱ्या. आक्का खुर्चीत, खाली, उन्हात. मी दोन वर्षांपूर्वी याच चार पायऱ्यांवरून याच कार्यालयाशी भांडले होते. त्यांचं उत्तर माझ्या फायलीत होतं: रॅम्पची व्यवस्था करण्यात आलेली आहे. मी शिपायाला विचारलं, “रॅम्प कुठाय?” तो म्हणाला, “हाय की.” कुठं, ते सांगेना.

सचिव दारात आले. “त्यांना राहू द्या खालीच. उचलताना पडल्याबिडल्या तर? आपण आत बोलून घेऊ.”

म्हणजे जिच्याबद्दल बोलायचं, ती बाहेर. आक्का म्हणाल्या, “जा गं तू. मी हितनं आयकतो.”

मी आणि मामा आत गेलो. मामांच्या डोक्यावर हेल्मेट. सचिवांनी ‘बसा’ म्हणायच्या आत मामांनी कोपऱ्यातल्या कुंडीतली माती उचलली, दाबली, मोडली. “पाणी लय घालताय सायेब. मुळं कुजत्याली.”

सचिव म्हणाले, “हमीपत्र आणलंय का?”

“कसली हमी?” मी म्हटलं. “तुमच्या शाळेतली पोरं खो-खो खेळताना पडत नाहीत? त्यांच्या बापाकडून हमी घेता?”

“त्यांची गोष्ट वेगळी आहे, मॅडम.”

“वेगळी म्हंजे?” मामा बोलले. “फाउंड्रीत खराब मालावर आमी खडूनं फुली मारायचो. लोखंडावर. माणसावर फुली मारायला तुमास्नी खडू कुणी दिला, सायेब?”

सचिव लाल झाले. मी फायलीतलं रॅम्पचं पत्र काढलं आणि ते त्यांच्या टेबलावर आपटायला तरातरा पुढं निघाले. फरशी नुकतीच पुसली होती. डावी काठी सटकली. काठ्या फेकल्या, हनुवटी छातीला, कुशीवर. वाळूच्या खड्ड्यातल्यासारखी, धप्पकन.

एकच गोंधळ. शिपाई धावला, सचिव खुर्चीतून उठले, “उचला, उचला, पाणी आणा! बघा, हेच म्हणत होतो मी!”

“हात लावू नका तिला!” तोच भोंगा. खिडकीची काच थरथरली असेल. मामा उभेच होते. “बघू द्या तिला.” मग माझ्याकडं वाकून, सभेतल्यासारखं शांतपणे, “काय दिसलं?”

माझा गाल फरशीवर होता. समोर पाहुण्यांचा लांब सोफा. सोफ्याखाली…

“रॅम्प,” मी म्हटलं.

“आयकू येत न्हाय. मोठ्यानं बोल!”

“रॅम्प! सोफ्याखाली रॅम्प आहे! घडीचा! प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही! वर सुकलेला हार आहे!”

बाहेरून उन्हातून आक्कांचा आवाज आला, “काय गावलं गं?”

“रॅम्प गावला, आक्का!”

शिपाई हळूच म्हणाला, “उद्घाटन झाल्तं त्याचं. नारळ फोडल्ता.”

“कार्यक्रम असला की काढतो आम्ही,” सचिव पुटपुटले.

“काय? मोठ्यानं बोला,” मामा म्हणाले.

मी माझी उठले. मामांनी आणि शिपायानं सोफा सरकवला, हार काढला, प्लॅस्टिक फाडलं, चार पायऱ्यांवर रॅम्प टाकला. उतार जरा जास्तच होता, पण आक्कांनी “मागनं धर रं बा जरा” म्हणून शिपायाकडं मदत मागितली, आणि मागितली म्हणून त्यानं दिली. त्या कार्यालयात आत आल्या. पंख्याखाली थांबल्या. पदरानं तोंड पुसलं.

“हमी कुणाची पायजे, सायेब? पडणार मी. मग माझीच न्हवं?”

“पालकांची सही लागते.”

“त्रेचाळीस वर्षांची हाय मी. माझा पालक मीच.”

त्यांनी कागद ओढून घेतला आणि लिहिलं. शाळा सुटून सव्वीस वर्षं झालेली, अक्षर मोठं, वाकडं: ‘मी पडणार आहे. पडले तर जबाबदारी माझी. नाही पडले तर शिबिराला येऊन उपयोग काय?’ खाली सही. त्याखाली मी सही केली. मामांनीही केली.

सचिवांनी कागद दोनदा वाचला. मामा कुंडीकडं बघत म्हणाले, “बघा बाबा. ही पोरगी पत्रकं लिवती.”

मैदान मिळालं. माझ्या पत्रकाला घाबरून दिलं की आक्कांच्या अक्षरामुळं, मला माहीत नाही. रॅम्प आता पायऱ्यांवरच असतो. मी अधूनमधून जाऊन बघून येते.

तर, ज्यांच्या वडिलांबद्दल हे लिहिलं, त्यांना माझं उत्तर.

मी काल मामांशी बोलले. फोन सुनेनं लावून दिला. ते ओरडत होते, “पोरी, एकेचाळीस पायऱ्या हाईत! बसून उतरायला पाव तास! परवा थोरला कामावर गेल्यावर सुरू केल्तं, चौथ्या पायरीवर सूनबाईनं धरलं!” सूनबाई मागून म्हणाल्या, “अहो, पडला असता म्हणजे?” मामा म्हणाले, “काय? आयकू येत न्हाय.”

दादा, तुमची काळजी खोटी नाही. मॅडमना विचारलंय, त्या शिबिरात असणार आहेत. हेल्मेट त्यांच्याकडं आहेच. पण ते पडणार नाहीत अशी हमी मी देत नाही, आणि कुणी दिली तर ती माणसाची हमी नसते, सोफ्याखाली ठेवलेल्या वस्तूची असते. मामा पडतील. उन्हात, डोंगरावर, आम्हा तीस जणांसमोर. आणि संध्याकाळी आम्ही त्यांना विचारू, काय दिसलं.

मामांना शिबिराला न्यायला आम्ही रविवारी सकाळी येतोय. आक्का खाली टेम्पोत थांबतील, तुमच्या इमारतीला रॅम्प नाही, त्याचं पत्रक वेगळं येईल. मी वर येईन. मामांना कुणी उचलणार नाही, त्यांनी मागितल्याशिवाय. एकेचाळीस पायऱ्या ते बसून उतरतील आणि त्यांच्या एक पायरी मागं मी. शेजारपाजारची दारं उघडतील. आणि कुठल्या तरी दारातून कुणी हळू आवाजात ‘बिचारे’ म्हणालं, तर आम्ही दोघंही तिथंच पायरीवर थांबून, कानावर हात धरून, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारणार आहोत:

“काय? आयकू येत न्हाय. मोठ्यानं बोला!”